पीक-पाहणी

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमॉन्ट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट या सहा राज्यांच्या मुलखाला न्यू इंग्लंड म्हणतात, आणि या मुलखातील झाडे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबर संपेपर्यंत, पाने गाळण्यापूर्वी ती लाल, नारिंगी व पिवळी करून घेतात, एवढीच या विषयाची नैसर्गिक बाजू आहे. उरलेला सगळा विषय मानवी आहे. ही पाने पाहण्यासाठी जे लोक मोटारी काढून निघतात त्यांना तिकडच्या बोलीत ‘लीफ पीपर’, म्हणजे पानांकडे डोकावणारे, असे किंचित थट्टेने म्हटले जाते, आणि बॉस्टन, कनेक्टिकट व न्यू जर्सी या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता या जमातीत पूर्णपणे मिसळून गेली आहेत. सहलीला दोन दिवस लागतात आणि तिच्या आखणीला जुलैपासून तीन महिने लागतात, हे लक्षात घेता आखणी हाच मुख्य कार्यक्रम असून सहल हे त्याचे परिशिष्ट आहे, असे मानूनच पुढील विवेचन केले आहे.

या आखणीतील मध्यवर्ती संज्ञा ‘पीक’ ही होय. एखाद्या टापूतील बहुतेक झाडे एकाच वेळी ऐन रंगात असतात त्या मोजक्या दिवसांना इंग्रजीत पीक, म्हणजे शिखर, म्हणतात. मराठी कानाला हा शब्द शेतातला वाटतो आणि त्याने अर्थाचे फारसे बिघडत नाही, कारण या पिकाच्या वाढीची, पाहणीची आणि नासाडीची चर्चाही शिवारातल्या पिकासारखीच चालते. तेथील राज्यांची वन व पर्यटन खाती या दिवसांत रंगाचे अहवाल आणि नकाशे प्रसिद्ध करतात, त्यांत प्रत्येक भागाला ‘रंग सुरू’, ‘मध्यम’, ‘पीक जवळ’, ‘पीक’ आणि ‘पीक उलटले’ अशा श्रेणी दिलेल्या असतात, आणि ज्या वाचकाला महाराष्ट्राच्या महसूल खात्याची पैसेवारी, म्हणजे पूर्वीची आणेवारी, ठाऊक आहे त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. पैसेवारी म्हणजे गावात रुपयाला किती पैसे पीक आले याचा सरकारी अंदाज. तो आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशा पायऱ्यांनी जाहीर होतो. न्यू इंग्लंडच्या रंगाची नजरअंदाज पैसेवारी उन्हाळा सरता सरता वर्तमानपत्रांत येऊ लागते, सुधारित पैसेवारी सप्टेंबरात येते, आणि अंतिम पैसेवारी हाती पडते तेव्हा पीक जमिनीवर आडवे झालेले असते. इकडे पीक आडवे झाले की पंचनामा होतो. तिकडे ते यंत्राने फुंकून रस्त्याच्या कडेला ढिगाने लावतात.

या ऋतूला अमेरिकेत ‘फॉल’ म्हणतात. मराठी घरात फॉल म्हणजे साडीच्या काठाला आतून लावायची पट्टी, त्यामुळे ‘आम्ही शनिवारी फॉल बघायला जाणार आहोत’ हे वाक्य सांगलीतल्या आजीला फोनवर प्रथमच ऐकवले जाते तेव्हा मॅचिंग मिळेल का, अशी रास्त शंका पलीकडून येते. शब्दकोशाकडे धाव घेतली तर तो फॉलला शरद म्हणतो, आणि महिनेही जुळतात, कारण आश्विन-कार्तिक म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच. पण मराठी मनातला शरद निवळलेल्या पाण्याचा, टिपूर चांदण्याचा आणि कोजागरीच्या मसाला दुधाचा आहे, पानगळीचे खाते शिशिराकडे, म्हणजे माघ-फाल्गुनाकडे, सोपवलेले आहे. शिवाय सह्याद्रीत लाल पान हे बहुधा म्हातारे नसून तान्हे असते: आंबा आणि पिंपळ यांची कोवळी पालवी तांबूस येते, कुसुमाची तर लालभडक, आणि मग ती हिरवी होते. त्यामुळे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आईवडिलांना पहिले लाल झाड दाखवले की ‘पालवी छान फुटली आहे’ असा अभिप्राय मिळतो, आणि ही पालवी नसून निरोप आहे, तरीही झाडाला काही झालेले नाही, हे पटवून देईपर्यंत एक राज्य ओलांडून होते.

झाडाच्या बाजूने पाहिले तर हा सगळा कारभार दोन खात्यांत वाटलेला आहे, त्यांतील एक पंचांगाचे आणि दुसरे वेधशाळेचे. पंचांगात ज्याला दिनमान म्हणतात, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ, ते एका मर्यादेपर्यंत आखडले की झाड आवराआवर सुरू करते, आणि दिनमान दरवर्षी त्याच तारखेला तेवढेच असल्यामुळे या खात्यात सहसा गोंधळ होत नाही. पानातले हरितद्रव्य नव्याने बनेनासे होते आणि असलेले विरत जाते. त्याच्याखाली उन्हाळाभर झाकलेली कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये, जी गाजरात आणि मक्यातही असतात, ती उघडी पडतात, म्हणून बर्च आणि बीच यांचा पिवळा रंग हा नवा रंग नसून खरवडलेल्या भिंतीवर दिसणारा जुना रंग आहे. लाल रंगाची गोष्ट निराळी आहे. तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो, हे द्रव्य झाड त्याच दिवसांत पानातल्या साखरेपासून नव्याने तयार करते, आणि जांभळाला व कोकमाला जो रंग असतो तो याच कुळातला असल्यामुळे शुगर मेपल हा आमसुलाचा दूरचा नातेवाईक ठरतो. देठाच्या बुडाशी बुचासारख्या पेशींचा थर धरू लागला की साखर पानात अडकते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठवणार नाही एवढी थंडी असेल तर लाल रंग भरतो, आभाळ आले तर फिका राहतो, लवकर कडक हिव पडले तर पाने करपतात आणि वादळ आले तर प्रश्नच मिटतो. हे सारे वेधशाळेचे खाते. सारांश, रंगाचा महिना पंचांग सांगते पण आठवडा वेधशाळा ठरवते. आणि ज्या समाजाने पंचांगावर पूर्ण आणि वेधशाळेवर कधीच विश्वास ठेवला नाही त्याच्यापुढे येथे प्रथमच खरा पेच उभा राहतो.

झाड एवढा खर्च करून लाल रंग का बनवते, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पानातले नत्र आणि स्फुरद फांदीत ओढून घेताना कडक उन्हापासून आडोसा म्हणून, असे एक मत आहे; दुसरे मत विल्यम हॅमिल्टन आणि सॅम्युअल ब्राउन यांनी २००१ साली मांडले, आणि त्यानुसार भडक रंग हा माव्यासारख्या रस शोषणाऱ्या किडींना दिलेला इशारा आहे, की हे झाड धडधाकट व सावध असल्यामुळे येथे अंडी घालण्याच्या भानगडीत पडू नये, दुसरे झाड पाहावे. हे मत खरे असेल तर न्यू इंग्लंडच्या जंगलांवर नियतीने फार मोठा विनोद केला आहे, कारण ‘येऊ नका’ या अर्थाची ही पाटी वाचून मावा खरोखरच परत जात असला, तरी तीच पाटी वाचून माणसे हजारोंनी, सहकुटुंब आणि दोन रात्रींचे भाडे आगाऊ भरून येतात.

तारीख ठरवणे हा आखणीतील पहिला आणि सर्वांत रक्तरंजित टप्पा होय. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खोऱ्यात उतरतो, म्हणजे मान्सूनच्या नेमका उलटा. त्यामुळे ‘रंग उत्तर व्हरमॉन्टमध्ये दाखल, मॅसॅच्युसेट्सला प्रतीक्षा’ अशा बातम्यांनी मराठी माणसाला एकदम घरच्यासारखे वाटते. उत्तर व्हरमॉन्ट आणि न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, आणि कनेक्टिकटच्या किनाऱ्याकडे जवळजवळ महिनाअखेर, असा हा उतरता क्रम सर्वांना पाठ असतो. परंतु याच दिवसांत नवरात्र असते, घट बसलेले असतात, गरबा असतो, महाराष्ट्र मंडळाचा दसऱ्याचा कार्यक्रम असून त्यात मुलांचे नाटक असते, शिवाय शनिवारी सकाळी फुटबॉल आणि रविवारी मराठी शाळा असते. नवरात्रातल्या नऊ दिवसांसाठी नऊ रंग वर्तमानपत्रांतून आधीच जाहीर होतात आणि त्याप्रमाणे साड्या नेसल्या जातात, ही शिस्त मेपलने पाळली असती तर ‘केशरी मंगळवारी’ एवढे टिपून काम भागले असते. पण झाडाला ते पत्रक पोहोचत नाही. शेवटी जी तारीख ठरते ती पंचांगानेही ठरत नाही आणि वेधशाळेनेही नाही, ती अमेरिकन सरकार ठरवते: ऑक्टोबरचा दुसरा सोमवार कोलंबस दिनाच्या सुटीचा, म्हणून त्याला लागून येणारा शनिवार-रविवार. हाच शोध ईशान्य अमेरिकेतील इतर सर्वांना स्वतंत्रपणे लागलेला असल्यामुळे त्या तीन दिवसांत झाडांच्या बुंध्यांपेक्षा गाड्यांचे टायर अधिक दिसतात. २०२४ साली तर कोलंबस दिन १४ ऑक्टोबरला आला आणि दसरा १२ तारखेच्या शनिवारी, त्यामुळे सीमोल्लंघन कोणत्या दिशेने करावे यावर घरोघर मतभेद झाले असल्यास नवल नाही.

आखणीसाठी व्हॉट्सॲपवर गट स्थापन होतो आणि त्यात तीन प्रकारचे सभासद आढळतात. पहिला आखणीप्रमुख, जो कोणी नेमलेला नसतो पण ज्याच्याकडे एक्सेलचा तक्ता असतो. त्या तक्त्यात गाडी, चालक, लहान मुलांच्या खुर्च्या, शाकाहारी, अंडे चालणारे, एरवी चालणारे पण नवरात्रात न चालणारे आणि उपवासाचे, असे रकाने असतात, आणि पानांसाठी रकाना नसतो. दुसरा अनुभवी सभासद, जो पूर्वी कधीतरी एकदा योग्य दिवशी योग्य घाटात पोहोचला होता आणि तेव्हापासून त्याला कोणताही रंग ‘त्या वर्षीसारखा नाही’ असाच दिसत आला आहे. तिसरा नुसता अंगठा दाखवणारा. त्याने सव्वीस संदेशांवर अंगठा दाखवल्यामुळे त्याची संमती गृहीत धरून खोली घेतली जाते, आणि आदल्या रात्री त्याला वेगळाच आठवडा अभिप्रेत असल्याचे उघड होते. खोली हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बरीच निवासस्थाने या हंगामात दोन रात्रींखाली खोली देत नाहीत आणि ज्या मुदतीपर्यंत पैसे परत मिळतात ती मुदत सुधारित पैसेवारी येण्याच्या आधी संपते, त्यामुळे आखणीप्रमुख जुलैत तीन गावांत तीन तारखांना खोल्या अडवून ठेवतो आणि सप्टेंबरात त्यांतील नेमकी चुकीची खोली राखतो.

मार्गनिवडीत दोन पंथ आहेत. व्हरमॉन्टपंथीयांचे म्हणणे असे की या राज्याची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे, शुगर मेपल हा तेथील राज्यवृक्ष आहे आणि उत्तर-दक्षिण जाणारा शंभर क्रमांकाचा रस्ता धरला की वेगळे काही शोधावे लागत नाही. न्यू हॅम्पशायरपंथीयांची श्रद्धा लिंकन ते कॉनवे या सुमारे ५५ किलोमीटरच्या कँकामागस हमरस्त्यावर असते. सतराव्या शतकातील एका आदिवासी नायकाचे नाव लाभलेल्या या रस्त्याला तिथले लोक लाडाने ‘कँक’ म्हणतात, तर पाहुणे आलेले आईवडील त्याचा उच्चार दोनदा करून पाहून तिसऱ्यांदा ‘काकामामांचा घाट’ हे सुटसुटीत नाव कायम करतात. या सबंध रस्त्यावर पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलला बराच वेळ सिग्नल नसतो, त्यामुळे ‘पुढच्या वळणावर थांबू’ असे ठरवलेल्या चार गाड्या चार वेगवेगळ्या वळणांवर, एकमेकींची वाट पाहत, प्रत्येकी अर्धा तास थांबतात. गर्दीचा अतिरेक व्हरमॉन्टलाही चुकलेला नाही. पॉमफ्रेट नावाच्या चिमुकल्या गावातील एका खासगी शेताची छायाचित्रे समाजमाध्यमांवर इतकी पसरली, आणि तेथे वाकडे लावलेल्या गाड्या, अंगणात शिरणारे लोक व फोटोसाठी कपडे बदलणारी मंडळी यांनी रहिवासी इतके जेरीस आले, की २०२३ साली गावाने रंगाच्या हंगामापुरता त्या शेताकडचा रस्ता बाहेरच्यांना बंद केला. सौंदर्यस्थळ बंद करण्याचे कारण सौंदर्य हेच असल्याचे उदाहरण विरळाच.

शिदोरीच्या बाबतीत मात्र कोणताही पंथभेद नाही. डोंगरातल्या गावांत शाकाहारी माणसाला पिझ्झा आणि बटाट्याच्या तळलेल्या काड्या यांखेरीज फारसे काही मिळणार नाही, या गृहीतकावर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, चिवडा आणि उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी असा जो फौजफाटा निघतो त्याने गाडीची डिकी भरून पाने मांडीवर घ्यावी लागतील असे वाटते. सफरचंदाच्या रसात मळलेले गरम डोनट हा त्या ऋतूचा स्थानिक नैवेद्य होय. तो ‘आपल्या बालुशाहीसारखा पण कमी गोड’ असा निकाल मिळून संपतो. मेपल सिरपची ओळख त्याहून लवकर पटते. शुगर मेपलच्या खोडातून हिवाळ्याच्या शेवटी पाझरणारा पाण्यासारखा रस कढया चढवून आटवतात, साधारण चाळीस भाग रसातून एक भाग सिरप उरते आणि अमेरिकेत व्हरमॉन्टचा त्यात पहिला क्रमांक लागतो, ही माहिती जावई तपशिलाने सांगत असतो आणि कोल्हापूरकडचे सासरे चमचा चाटून ‘म्हणजे गुऱ्हाळच की. आणि ही काकवी’ एवढ्यात विषय संपवतात. वर ‘चाळीसाला एक हा उतारा फारच कमी आहे’ असा शेरा मारायला ते विसरत नाहीत.

प्रत्यक्ष दर्शनाचा भाग त्यामानाने थोडक्यात आटोपतो. थांब्यावर गाडीचे दार उघडते, वारा आत येतो, नऊवारी नव्हे पण पाचवारी साडी, तिच्यावर मुलाचे जाकीट, पायात पांढरे बूट आणि डोक्याला कानटोपी अशा वेषात आई उतरते, आणि समोर आडवा पसरलेला डोंगर पाहून काही क्षण कोणीच बोलत नाही. तक्त्यात ज्याची तरतूद नव्हती अशी ही एकमेव बाब असते. मग कोणीतरी ‘उभे राहा’ म्हणते. सर्व चौदा माणसे झाडासमोर दोन रांगांत उभी राहतात आणि छायाचित्रात वडिलांची कानटोपी व काकूंचा खांदा यांच्या मधल्या फटीतून तीन पाने दिसतात. ते छायाचित्र मग भारतात जाते, आणि ‘फार सुंदर, गुलमोहर का?’ असे उत्तर येते. दरम्यान आईने गाडीच्या वायपरमध्ये अडकलेले एक पान सोडवून घेतलेले असते: तळहाताएवढे, पाच टोकांचे, देठाशी अजून हिरवट, मध्ये केशरी आणि टोकांना पिंजरीसारखे लाल, एका कडेला कसल्याशा किडीने खाल्लेले वाटोळे भोक. वहीत पिंपळाचे पान ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहिलेल्या पिढीची ती असते, म्हणून ते पान पर्समधल्या पोथीत जाते. आणि दसरा त्याच दिवशी आला असेल तर ती ते आधी सोने म्हणून नातवाच्या हातावर ठेवते. आपट्याचे पान हिरवेच असते, त्याला सोने मानावे लागते, आणि हे मानण्याचा सराव असलेल्या हाताला खरोखर सोनेरी झालेले पान किंचित संकोचाने धरावे लागते, असे बारकाईने पाहणाऱ्यास दिसून येईल.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचा न्यू इंग्लंडच्या पानगळीच्या रंगांवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८६२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड या स्वतःच्या गावाच्या आसपास पायी हिंडून, त्याच त्या झाडांकडे रोज पाहून त्यांनी हा विषय जाणला, त्यामुळे त्यांचे पीक कधी हुकण्याचा संभव नव्हता. मात्र त्यांना चौदा माणसांची सोय पाहायची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

परतीच्या वाटेवर अनुभवी सभासद ‘रंग मागच्या आठवड्यात होता’ असे म्हणतो, दुसरा कोणी ‘पुढच्या आठवड्यात असेल’ असे म्हणतो, आणि दोघेही बरोबर असतात, कारण ते वेगवेगळ्या डोंगरांविषयी बोलत असतात. या गोंधळात ज्याची आखणी खरोखर बिनचूक असते ते म्हणजे झाडच. पान सोडण्यापूर्वी ते त्यातले नत्र आणि स्फुरद जमेल तेवढे फांदीत परत घेते, देठाची जखम आधीच बुजवून ठेवते, आणि पान जिथून सुटते त्याच्या अगदी वर पुढच्या वसंताचा डोळा, म्हणजे घट्ट मिटलेला अंकुर, उन्हाळ्यातच तयार करून ठेवलेला असतो. पुढच्या वर्षीची पाने अशा रीतीने यंदाची गळण्याच्या आत आरक्षित झालेली असतात. मागच्या आसनावर सगळे पेंगत असताना, सिग्नल पुन्हा येताच, आखणीप्रमुख बायकोला हळूच फोन काढायला सांगतो आणि पुढील ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची तारीख पाहायला सांगतो. आणि तो तिला ‘पुढच्या वेळी दोनच गावांत खोल्या अडवून ठेवू’ असे बजावतो तेव्हा ती तिन्ही गावे निवडून मोकळी झालेली असते.